पाचोळा, युरिया आणि कोळी: नागपूरच्या एका टेकडीवरील प्रकरण

नागपूरच्या पश्चिमेला, वस्ती जेथे संपते तेथे, सागाचे जुने रोपवन असलेली एक लहान टेकडी आहे. सागाच्या जोडीला ऐन, धावडा, तेंदू, पळस आणि थोडा बांबू आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायांनी मळलेली एक वाट टेकडीच्या मधून वर चढते आणि रानाचे दोन भाग करते. दोन्ही भागांतील साग एकाच वेळी लावलेला आहे, उतार एकाच दिशेचा आहे आणि पाऊस तर एकच आहे. फरक होता तो माणसांच्या वागण्याचा. वाटेच्या एका बाजूचा पाचोळा कित्येक वर्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडून, पोत्यांत भरून, जवळच्या वसाहतीतील बागांच्या खतखड्ड्यांत जात होता. आणि त्याची भरपाई म्हणून पावसाळ्याच्या तोंडी झाडांच्या आळ्यांत युरिया टाकला जात होता. दुसऱ्या बाजूला मोडके काटेरी कुंपण आणि एक नाला आडवा येत असल्यामुळे तिकडे ना झाडू पोहोचला, ना युरिया. पुढे पहिल्या भागाला झाडलेली बाजू आणि दुसऱ्याला पाचोळ्याची बाजू म्हटले आहे.

प्रकरण सुरू झाले ते जुलैत. झाडलेल्या बाजूचा साग अळ्यांनी शिरांपर्यंत खाल्ला आणि ऐन पावसाळ्यात झाडाखाली उभे राहून आभाळ दिसू लागले. पाचोळ्याच्या बाजूलाही पाने कुरतडलेली होती, पण छत्र टिकून होते. फिरायला येणाऱ्या मंडळींनी फवारणीचा आग्रह धरला आणि औषधासाठी वर्गणीही जमू लागली. मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले असल्यामुळे, फवारायचे की नाही एवढे सांगावे, अशी विनंती माझ्याकडे आली. मी तेथील वनरक्षकाला सोबत घेतले. त्याने पहिल्याच फेरीत जे बोलून दाखवले, तेच पुढे या पाहणीचे सूत्र ठरले. तो म्हणाला, "सर, अळी दोन्हीकडे आली जी. पण या बाजूले तिले खाणारं कोणीच राह्यलं नाई."

आधी मातीबद्दल सांगितले पाहिजे. नागपूर हे दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर वसलेले शहर आहे. सीताबर्डीची टेकडी आणि पश्चिमेकडील टेकड्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आहेत. शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला गेले की त्याहून कितीतरी जुने नाइस खडक आणि कामठीकडचे वालुकाश्म लागतात. बेसाल्ट झिजून जी माती होते ती कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने संपन्न असते, म्हणूनच चुन्याची आवड असलेला साग येथे चांगला येतो. पण टेकडीच्या माथ्यावर ही माती खोल नसते. आपल्याकडे जुन्या शेतकऱ्यांनी जमिनीचे काळी, मोरंड, खरडी, बरडी असे जे प्रकार केले आहेत, त्यांत ही बरडी: वितभर माती, खाली मुरूम आणि मग खडक. अशा जमिनीत अन्नद्रव्यांचा साठा मातीत कमी आणि झाडांच्या अंगात जास्त असतो. दरवर्षी गळणारे पान हेच त्या साठ्याचे चलन असते. ते रानातच फिरत राहिले तर थोड्या मातीवरही रान टिकते.

पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचा मोठा भाग, ढोबळमानाने निम्मा, परत खेचून घेते. कॅल्शियम मात्र परत खेचता येत नाही, ते पानातच राहते. म्हणजे वाळलेले सागाचे पान नत्राला गरीब आणि चुन्याला श्रीमंत असते. झाडलेल्या बाजूने दर उन्हाळ्यात पोत्यापोत्याने जे गेले त्यात हा चुना होता, उरलेले नत्र आणि स्फुरद होते, आणि सर्वांत जास्त होता तो कर्ब, म्हणजे कार्बन. त्याच्या बदल्यात युरियातून फक्त नत्र परत आले. दोन्ही बाजूंची माती तपासून घेतली तेव्हा झाडलेल्या बाजूचा सेंद्रिय कर्ब 'कमी' या वर्गात, म्हणजे ०.५ टक्क्यांच्या खाली आला आणि पाचोळ्याच्या बाजूचा 'मध्यम' वर्गात. जमिनीचा कस पाहताना शेतकरी जो कागद हातात घेतो, त्याच कागदावर रानाच्या अन्नसाखळीची पहिली ओळ लिहिलेली असते, हे मला तेव्हा प्रथम नीट उमगले.

पाहणीची साधने साधी होती. तोंड मातीच्या पातळीत येईल असे प्लास्टिकचे पेले दोन्ही बाजूंना पुरले, म्हणजे रात्री जमिनीवर फिरणारे जीव त्यात पडावेत. पाचोळा आणि वरची दोन बोटे माती चाळणीने पांढऱ्या धोतरावर चाळली. पाण्याच्या मोठ्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवला, त्यात जाळीवर पाचोळा भरला आणि वर बल्ब लावला. उष्णतेने आणि कोरडेपणाने बारीक जीव खाली सरकत जातात आणि शेवटी खालच्या वाटीत पडतात. खालच्या फांद्यांखाली उलटी छत्री धरून फांदीवर काठीने आपटले. आणि रात्री डोक्याला बॅटरी बांधून चाललो.

या रात्रीच्या फेरीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्या पाहणीत मनावर ठसलेली गोष्ट तीच आहे. जमिनीवर शिकार करणारे बहुतेक लांडगा कोळी जाळे विणत नाहीत. ते धावून भक्ष्य पकडतात आणि त्यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो. बॅटरी डोळ्यांच्या पातळीला धरून पाचोळ्यावर झोत टाकला की हे डोळे हिरवट ठिणग्यांसारखे चमकतात. पाचोळ्याच्या बाजूला झोत फिरवला तेव्हा जमिनीवर दवाचे थेंब पडले असावेत असे वाटले. जवळ जाऊन पाहिले तर त्यांतली जवळपास प्रत्येक ठिणगी कोळ्याची होती. एका मादीच्या पाठीवर पिल्ले बसलेली होती, त्यामुळे तिची पाठ खडबडीत दिसत होती, आणि काठीने पान हलवताच ती पिल्लांसह पानाच्या घडीत शिरली. तेथेच, वाट न ओलांडता, फक्त मान वळवून झोत दुसऱ्या बाजूला टाकला. उघड्या, पावसाने कडक झालेल्या मातीवर मोजक्या ठिणग्या होत्या आणि त्याही झाडांच्या बुंध्यांपाशी, जेथे चार पाने अडकून राहिली होती तेथे. वनरक्षक बराच वेळ काही बोलला नाही.

चाळणीतही तेच दिसले. पाचोळ्याच्या बाजूच्या मुठीभर पाचोळ्यात स्प्रिंगटेल, म्हणजे पोटाखाली दुमडून ठेवलेल्या काट्याने उडी मारणारे, साधारण मिलिमीटरभराचे जीव, धोतरावर मोहरी सांडावी तसे उडत होते. बुरशी खाणारे माइट (कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव), छोटी झुरळे, रातकिडे, वाणी (असंख्य पायांचा, वेटोळे करणारा किडा), गोम, बारीक गोगलगायी आणि मुंग्या होत्या. येथे एक खुलासा करणे भाग आहे. शेतीच्या बोलण्यात ज्याला आपण 'लाल कोळी' म्हणतो तो माइट आहे, कोळी नव्हे. त्यामुळे "कोळी वाढले पाहिजेत" असे म्हटले की शेतकरी दचकतो. या लेखात कोळी म्हणजे आठ पायांचा, रेशीम काढणारा, जवळजवळ केवळ शिकारीवर जगणारा प्राणी. झाडलेल्या बाजूच्या चाळणीत मुख्यतः मुंग्या आणि थोडी वाळवी होती. वाणी एकही नव्हती.

आता याची संगती लावू. प्रत्येक जीवाचे शरीर ठरावीक मूलद्रव्यांचे बनते आणि ही मूलद्रव्ये त्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. पानांत नत्राचे प्रमाण सुक्या वजनाच्या साधारण एक ते पाच टक्के असते, वाळलेल्या पानात तर बहुधा एक टक्क्याच्या आसपास. कीटकांच्या शरीरात ते साधारण ७ ते १४ टक्के असते. म्हणजे पान खाणाऱ्या अळीला आपल्या शरीरात नत्र कित्येक पटींनी घट्ट करावे लागते. त्यासाठी ती भरमसाट खाते आणि नको असलेला कर्ब विष्ठेतून टाकून देते. ही पायरी येथे संपत नाही. फेगन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अनेक कीटकांची माहिती एकत्र करून दाखवले की, शिकारी कीटकांच्या शरीरात वनस्पती खाणाऱ्यांपेक्षा सरासरी १५ टक्के अधिक नत्र असते. शिकाऱ्यांना त्यांच्या भक्ष्याहून थोडे अधिक नत्र लागते. कोळ्याचे तर रेशीमही प्रथिनाचेच असते. चक्राकार जाळी विणणारे अनेक कोळी जुने जाळे मोडताना ते खाऊन टाकतात, त्याचे कारण हेच: जाळे फेकून देणे त्यांना परवडत नाही.

वाळलेल्या सागपानात कर्बाचे नत्राशी प्रमाण चाळीस-पन्नासास एक असे असते. ते पान कोळ्यापर्यंत पोहोचते कसे? मध्ये बुरशी आणि जिवाणू असतात. ते पानातील कर्ब जाळून ऊर्जा मिळवतात, त्यांतील बराचसा श्वासातून हवेत सोडतात आणि नत्र स्वतःच्या पेशींत साठवतात. स्प्रिंगटेल आणि माइट ही बुरशी खातात. त्यांना बालकोळी, गोम आणि भुंगेरे खातात. त्यांना मोठे कोळी. पाचोळ्यापासून निघणाऱ्या या साखळीला तपकिरी साखळी म्हणतात आणि हिरव्या पानापासून अळीमार्गे निघणारीला हिरवी साखळी. शाळेच्या पुस्तकातील गवत, नाकतोडा, बेडूक, साप ही हिरवी साखळी आपल्याला पाठ असते. प्रत्यक्षात रानात तयार होणाऱ्या पानांपैकी फार मोठा भाग जिवंतपणी कोणी खात नाही, तो गळून तपकिरी साखळीत जातो. रानाच्या जमिनीवरील कोळ्यांची रोजची भाकरी तेथे भाजली जाते.

या दोन साखळ्या वरच्या टोकाला एकत्र येतात, आणि या प्रकरणाची गाठ नेमकी तेथे आहे. कोळ्याला अळी आणि स्प्रिंगटेल यांत भेद नसतो; समोर येईल ते तो खातो. उन्हाळ्यात आणि पावसाच्या पहिल्या सरींत, जेव्हा सागावर नवी पाने नुकतीच फुटत असतात आणि अळ्या अजून आलेल्या नसतात, तेव्हा कोळ्यांना तपकिरी साखळी जगवते. अळ्या येतात तेव्हा शिकारी आधीच हजर असतात. जावा बेटावरील भातखाचरांत सेटल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली हेच मांडले: खाचरात सेंद्रिय पदार्थ वाढवले की कुजके खाणारे आणि पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खाणारे कीटक हंगामाच्या सुरुवातीलाच वाढतात, त्यांच्यावर कोळी आणि इतर शिकारी पोसले जातात, आणि पुढे पिकावर कीड येते तेव्हा ते तयार असतात. अमेरिकेतील केंटकीच्या रानात चेन आणि वाइज यांनी जमिनीवर बटाटे, अळंबी असे कुजणारे अन्न घालून पाहिले. स्प्रिंगटेल वाढले आणि त्यांच्यामागोमाग कोळीही वाढले. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कोळी आणून सोडले नव्हते, फक्त तळाला अन्न घातले होते.

आता सागावरच्या अळीकडे वळतो. जुलैच्या पहिल्या हल्ल्यातील अळी हिब्लिया प्युरा या पतंगाची होती, जी कोवळी पाने शिरा सोडून सगळी खाते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणारी, पानाची चाळण करणारी युटेक्टोना ही वेगळी अळी आहे आणि तिची येथे चर्चा करत नाही. हिब्लियाची अळी पानाची कड कापून ती स्वतःवर दुमडून घेते आणि त्या घडीत लपून खाते. अळीअवस्था पोषक हवामानात दोन आठवड्यांच्या आत संपते. पूर्ण वाढलेली अळी रेशमाच्या धाग्यावरून खाली उतरते आणि पाचोळ्याच्या पातळ थराखाली किंवा झुडपांच्या पानांच्या घडीत कोष करते. तिचे नुकसान किरकोळ नसते. केरळात नीलांबूर येथे नायर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवले की कोवळ्या रोपवनांत या अळीमुळे लाकडाची संभाव्य वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. म्हणून फवारणीची मागणी करणाऱ्यांची काळजी खरी होती, तिला हसण्यात अर्थ नव्हता.

अळी झाडावर असताना तिला उड्या मारणारे कोळी, काटेरी पायांचे लिंक्स कोळी, मुंग्या आणि पक्षी खातात. धाग्यावरून खाली उतरली की ती लांडगा कोळी, गोम आणि भुंगेऱ्यांच्या हद्दीत येते. झाडलेल्या बाजूला ही खालची हद्द जवळजवळ रिकामी होती. एका दुपारी पाचोळ्याच्या बाजूला मी एका अळीला धाग्यावरून जमिनीवर टेकताना पाहिले. ती पानाखाली शिरण्याच्या आत एका करड्या कोळ्याने तिला मानेजवळ धरले आणि ओढत नेले. असे प्रसंग रोज कितीतरी घडत असणार. मला एकच दिसला.

आणि मग युरिया. युरियात ४६ टक्के नत्र असते. मातीत पडल्यावर युरिएझ या विकराच्या क्रियेने त्याचे अमोनियम होते. आपल्या अल्कधर्मी मातीत त्यातला काही भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो, काहीचे नायट्रेट होऊन ते पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते आणि उरलेले मुळे उचलतात. जे मुळांनी उचलले ते थेट कोवळ्या पानात गेले. त्याच वेळी बेसाल्टच्या मातीत स्फुरद कॅल्शियमशी बांधलेला असतो; तो सोडवणारी बुरशी आणि सेंद्रिय आम्ले पाचोळ्याबरोबर कमी झाली होती. अशा असमतोलात पान लुसलुशीत होते, त्यात मुक्त अमिनो आम्ले साठतात, आणि नत्रासाठी भुकेल्या अळीला त्याहून चांगले ताट नाही. पाने खाणाऱ्या कीटकांची भूक मुख्यतः नत्राची असते, हे मॅटसन यांनी १९८० साली सविस्तर मांडले आहे. आपला कापूस उत्पादक हे अनुभवाने जाणतो: युरिया जास्त झाला की मावा आणि तुडतुडे हटत नाहीत.

माझे या प्रकरणातले मत असे बनले. झाडलेल्या बाजूला नत्र कमी पडले नव्हते. कदाचित एकूण हिशेबात ते फारसे घटलेही नसेल. बदलली होती ती त्याची वाट. पाचोळ्यातून जाणारे नत्र बुरशी, स्प्रिंगटेल, कोळी असे तळाकडून शिकाऱ्यांकडे जात होते. तेच नत्र युरियाच्या रूपाने थेट कोवळ्या पानात आणि पानातून अळीच्या तोंडात जाऊ लागले. आम्ही एका हाताने शिकाऱ्याचे ताट उचलले आणि दुसऱ्या हाताने अळीचे वाढले. आम्ही म्हणतो, कारण पोती भरणाऱ्यांत पहिली दोन वर्षे मीही होतो. बागेचे खत छान होत असे आणि टेकडी स्वच्छ दिसत असे; त्या वेळी मला त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही, याचे आज वाईट वाटते.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मी स्वतःच उभा केला. पाचोळा हे अन्न आहे तसेच घरही आहे. सावली, ओल, लपायला जागा हे सगळे तो देतो. कोळी कमी झाले ते अन्न गेले म्हणून की घर गेले म्हणून? पनामात रानाच्या काही तुकड्यांतील पाचोळा दर महिन्याला उचलून दुसऱ्या तुकड्यांत टाकण्याचा एक मोठा प्रयोग २००३ साली सुरू झाला. तेथेही जागा आणि अन्नद्रव्ये यांचा परिणाम वेगळा काढणे हा अभ्यासाचा विषयच झाला. आमच्या आवाक्यातला उपाय एवढाच होता की, झाडलेल्या बाजूला काही जागी जुनी तागाची पोती फाडून, चुरगाळून पसरली आणि काही जागी पलीकडचा पाचोळा आणून टाकला. पोत्याखाली सावली आणि ओल होती, पण नत्र आणि चुना नसल्यासारखाच. पहिल्या आठवड्यात कोळी दोन्हीकडे आले. पुढच्या आठवड्यांत पोत्याखालचे विरळ होत गेले आणि पाचोळ्याखालचे टिकले; बाटलीच्या सापळ्यात स्प्रिंगटेलही पाचोळ्याखालीच भरपूर निघाले. एवढ्या छोट्या पाहणीवर सिद्धांत उभा करता येत नाही. घर आणि अन्न दोन्ही लागते, आणि नुसत्या घरावर कोळी फार दिवस राहत नाही, इतके म्हणण्यास मात्र मला संकोच वाटत नाही.

चुन्याचा मुद्दा वेगळा आहे आणि मला तो फार हृद्य वाटतो. वाणीचे कवच कॅल्शियम कार्बोनेटने कडक होते, गोगलगायीचा शंख तर चुन्याचाच. दोघींना चुना मुख्यतः पाचोळ्यातून आणि वरच्या मातीतून मिळतो. गोगलगायी काजव्याच्या अळीचे अन्न आहेत. ती शंखात डोके घालून गोगलगाय खाते. म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला नाल्याकाठी जो काजवा लुकलुकतो त्याच्या मागे गोगलगाय, तिच्या मागे सागाचे पान आणि त्याच्या मागे लाव्ह्याचा खडक उभा असतो. पाचोळ्याच्या बाजूला काजवे होते. झाडलेल्या बाजूला दिसले नाहीत. पण तिकडे वसाहतीचे पथदिवे जवळ आहेत आणि काजव्यांना उजेड मानवत नाही, त्यामुळे हा पुरावा मी निर्णयाच्या तराजूत घातला नाही. वाणीचा पुरावा घातला, कारण तिला दिव्याचे काही नसते.

जाता जाता मिठाबद्दल. वनस्पतींना सोडियम जवळजवळ लागत नाही, त्यामुळे त्यांच्या पानांत ते फार थोडे असते. प्राण्यांना मात्र ते हवेच. समुद्राजवळच्या रानांना पावसातून आणि वाऱ्यातून मीठ मिळते, आतल्या प्रदेशाला नाही. कास्पारी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ॲमेझॉनच्या आतल्या रानातील पाचोळ्यावर मिठाचे पाणी शिंपडले तेव्हा पाचोळा ४१ टक्के अधिक कुजला, वाळवी सातपट आणि मुंग्या दुप्पट झाल्या. झिरो माइलचा दगड ज्या शहरात आहे आणि ज्याच्या दोन्ही बाजूंना समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, त्या शहराच्या रानांत हा प्रश्न कोणी तरी नीट तपासावा असे मला मनापासून वाटते. पावसाळ्यानंतर नाल्याच्या ओल्या चिखलावर, विशेषतः गुरांनी मुतलेल्या जागी, फुलपाखरांचे जे थवे बसतात ते या भुकेचेच दृश्य आहे.

निर्णयाच्या बैठकीत सगळ्यांत जोरदार मुद्दा विज्ञानाचा नव्हता. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "पाचोळा राहू देला तं आग लागन, नाई तं साप निंगन. मंग जबाबदारी कोनाची, सांगा तुमी?" हा प्रश्न योग्य होता. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत सागाचा पाचोळा काडीसारखा पेटतो, आणि आगीत पाचोळ्यातले बहुतेक नत्र हवेत जाते. चुना आणि स्फुरद राखेत उरतात, पण ती राख पहिल्या पावसात उतारावरून वाहून जाते. आगीने होणारे नुकसान झाडूने होणाऱ्या नुकसानाहून कमी नसते. काका म्हणत होते त्यात तथ्य होते; आणि तरीही सगळी टेकडी खरवडून काढणे हे त्याचे उत्तर नव्हते. वन विभाग जशी जाळरेषा काढतो तशी वाटेच्या कडेने आणि वसाहतीच्या भिंतीच्या कडेने रुंद पट्टी साफ ठेवायची, त्या पट्टीतला पाचोळा बागेत न नेता आत, उताराला आडव्या रांगांत रचायचा, म्हणजे तो पावसाची मातीही अडवेल, असे ठरले. सापांच्या भीतीपोटी वाटेची पट्टी उघडी राहणार होती, त्यावर काकांचे समाधान झाले.

फवारणी रद्द झाली. त्यामागे दोन कारणे मी मांडली. पानझडीनंतर साग दुसरी पालवी काढतो, झाड मरत नाही. आणि फवारणीने अळीबरोबर उरलेसुरले कोळीही गेले असते, मग पुढच्या जुलैत आम्ही पुन्हा तेथेच आलो असतो. युरियाही थांबवला. जमलेल्या वर्गणीतून पावडी, घमेली आणि दोन चांगल्या बॅटऱ्या घेतल्या.

पुढच्या पावसाळ्यात अळी पुन्हा आली. हिब्लियाचे पतंग थव्याने दूरवरून येतात असे मानले जाते आणि मोठी लाट आली तर स्थानिक शिकारी तिला थोपवू शकत नाहीत. हे मी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून कोणी निराश झाले नाही. त्या वर्षी दोन्ही बाजूंची पाने साधारण सारखीच खाल्ली गेली. हल्ला स्वतःच हलका होता की आमच्या उपायाने फरक पडला, ते एका हंगामावरून सांगता येत नाही. पाचोळ्याच्या आडव्या रांगांत मात्र बदल क्रमाक्रमाने दिसला. जूनअखेर पांढरी बुरशी पानांना पानांशी शिवू लागली. जुलैत स्प्रिंगटेल आले. रात्रीच्या ठिणग्या ऑगस्टमध्ये वाढल्या, आधी वाटेला लागून असलेल्या रांगेत, मग तिच्या वरच्या रांगेत. सप्टेंबरच्या एका सकाळी रांगांमधल्या गवतावर हिप्पासा कोळ्यांची चादरीसारखी जाळी दवाने पांढरी झालेली होती आणि प्रत्येक जाळ्याच्या नळीच्या तोंडाशी एकेक जण पाय टेकून बसला होता.

गोगलगायी दुसऱ्या वर्षी, नाल्याकडून, बोटाच्या पेराएवढ्या शंखांच्या, आल्या. वाणी अजून आलेली नाही. वनरक्षक दर पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीनंतर झाडलेल्या बाजूच्या रांगा उलटून पाहतो आणि संध्याकाळी फोन करतो, यंदाही त्याने दोन शब्दांतच सांगितले, "नाई जी."